तीन नंबरवर ठेवलेला पंखा

खाली लिहिलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. ते खोटं ठरावं अशी माझी फार इच्छा आहे. कुणाला यात चूक सापडली, तर त्याने ती मला जरूर दाखवावी. मी रागावणार नाही.

मी छत्तीस वर्षं तांत्रिक शाळेत मुलांना वायरिंग शिकवलं. कुणी माझी चूक काढली की मी त्याच्या हातात खडू द्यायचो आणि म्हणायचो, "ये, फळ्यावर दाखव." आजही तसंच समजा.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार. दुपारचे पावणेतीन.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं आणि त्याचा रेडिओ वरपर्यंत ऐकू येत होता.

जागा म्हणजे माझ्या ताईचं भाड्याचं घर. पहिला मजला. पुढे दोन खोल्या आणि त्यांच्या मागे एक लहान खोली. तिला खिडकी नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तेव्हा पंच्याहत्तरची. जुन्या पुस्तकांना नवं बाइंडिंग करून द्यायचं, हे तिचं काम. वकिलांचे जाडजूड ग्रंथ, ग्रंथालयातली फाटलेली पुस्तकं, कुणाच्या आजोबांच्या डायऱ्या... सगळं तिच्याकडे यायचं. मागच्या खोलीत ती दीड वर्षं रोज सात-आठ तास बसून काम करत होती.

हे दीड वर्ष लक्षात ठेवा. मला वाटतं, सगळं त्यातच आहे.

त्या खोलीत लहानशा विजेच्या शेगडीवर सरस वितळत असायचा. पुस्तकाची पाठ त्यानेच चिकटवतात. त्याची वाफ घशात बसते. म्हणून भिंतीत वर एक एक्झॉस्ट फॅन होता. दहा इंची, जुना, लोखंडी पात्यांचा. खोलीतली हवा तो मागच्या पोकळीत फेकायचा. पोकळी म्हणजे चार इमारतींच्या पाठींमधली अरुंद, उभी जागा. वर रुमालाएवढं आभाळ. खाली काय आहे ते दिसत नाही.

त्या पंख्याला बटणच नव्हतं. आधीच्या कुणीतरी त्याची वायर थेट जोडून टाकली होती. वीज असेल तोवर तो फिरायचा आणि फिरायचा तो पूर्ण वेगाने.

ताईची तक्रार साधी होती. पुस्तकाच्या पाठीवर नाव उमटवायला ती सोनेरी वर्ख वापरायची. तो इतका पातळ असतो की जवळ मोठ्याने हसलं तरी उडतो.

"अर्ध्या नावांचं सोनं त्या भोकातून बाहेर गेलंय," ती मला फोनवर म्हणाली. "पोकळीतली कबुतरं श्रीमंत झाली आणि मी इथे जमिनीवरून वर्ख वेचतेय. पंखा बंद केला तर सरसाच्या वासाने जीव जातो. तू मास्तर ना? मग त्याला जरा हळू फिरायला शिकव."

मी पाच टप्प्यांचा रेग्युलेटर घेऊन गेलो. छताच्या पंख्याला असतो तसाच. गोल बटण. फिरवलं की प्रत्येक टप्प्यावर 'टक' आवाज होतो. पाच म्हणजे पूर्ण वेग, एक म्हणजे सगळ्यात कमी. शून्य म्हणजे बंद.

तो कुठे बसवायचा, यावरून आमचं वाजलं.

"आत लाव. माझ्या हाताशी," ताई म्हणाली.

"नाही. इथे दिवसभर वाफ असते. वाफेच्या खोलीत बटण लावायचं नसतं, दाराबाहेर लावायचं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं हे."

"मग तो सॉकेट कसा आहे आत? शेगडीचा?"

"तो ज्याने बसवला त्याला मी नापास केलं असतं."

"म्हणजे वेग बदलायला मी दर वेळी उठून बाहेर जायचं? माझे गुडघे काय तुझ्या शाळेतले आहेत, हुकूम दिला की उठले?"

"नियम म्हणजे नियम, ताई."

"अंघोळीच्या वेळी पळून माळ्यावर लपायचास, बाळ्या, तेव्हा कुठे होते तुझे नियम?"

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती जगात एकटीच उरली आहे.

मी ऐकलं नाही. रेग्युलेटर बाहेरच बसवला. दाराच्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर. काम चालू असताना कुणी मध्येच येऊ नये म्हणून घराच्या मुख्य दाराला आतून कडी घातली होती.

रेग्युलेटर बाहेर लावला ती माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही.

मग चाचणी. शाळेत मी मुलांना एक खेळ दाखवायचो. पातळ कागदाची वीतभर पट्टी कापायची आणि पंख्यासमोर दोऱ्याने टांगायची. हवा आपल्याला दिसत नाही, पण कागदाला कळते. पट्टी जिकडे झुकेल, तिकडे हवा चालली आहे. ताईच्या टेबलावरून मी एक पट्टी कापली आणि पंख्याच्या जाळीपासून हातभर अंतरावर टांगली.

पाच. पंखा पहिल्यासारखाच घोंघावला. पट्टी ताणून पंख्याकडे.

बाहेर गेलो. टक. चार. आवाज उतरला. आत येऊन बघितलं, पट्टी अजून पंख्याकडेच, पण जरा सैल.

पुन्हा बाहेर. टक. तीन.

"बस! बस! इथेच ठेव!" ताई आतून ओरडली.

मी आत गेलो. तिच्यासमोर वर्खाचा एक चौकोन पडला होता. हलत नव्हता. ती लहान मुलीसारखी त्याच्याकडे बघत होती.

"दार लाव. बाहेरच्या वाऱ्यानेही हलतो हा," ती म्हणाली. "आणि बस इथे. बघ तुझी ताई काय करते ते."

मी दार ओढून घेतलं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. त्याला बाहेरून कडी नव्हती, कुलूप नव्हतं. नुसता खटका. आतून ढकललं की उघडायचं.

मी स्टुलावर बसलो.

पंख्याचा आवाज कमी झाल्यामुळे खोली पहिल्यांदाच नीट ऐकू येत होती. सरसाची रटरट. ताईच्या बांगडीचा टेबलावर होणारा आवाज. ती काम करताना एकसारखी बोलते. घरमालकीण कशी जिना धुते, वकिलाने पुस्तकावर चहा कसा सांडला, माझा शर्ट कसा बाहीला फाटलाय...

मी हूं हूं करत पट्टीकडे बघत होतो.

पट्टी पंख्याकडे झुकली.

मग सरळ झाली.

मग... खोलीच्या आत झुकली.

मी चष्मा पुसला. पाती बरोबर दिशेने फिरत होती. हवा बाहेर जायला हवी होती. पट्टी सांगत होती की हवा आत येते आहे.

पुन्हा ती पंख्याकडे गेली. पुन्हा आत आली.

पोकळीतला वारा असेल, मी स्वतःला समजावलं. पंखा हळू झाला की बाहेरचा वारा त्याला मागे ढकलतो. हे मी मुलांना शिकवलं आहे. पण वारा असा नसतो. वारा धसमुसळा असतो. ही पट्टी शाळेतल्या घड्याळाच्या लंबकासारखी जात होती आणि येत होती.

सवयीने मी मोजलं. मिनिटाला पंधरा.

"...तर मी त्याला म्हटलं," ताई बोलत होती, "वकीलसाहेब, चहा प्यायचा... तर कपातून प्या... माझं पुस्तक काय बशी आहे..."

ती मध्ये मध्ये थांबत होती. पूर्वी अशी थांबायची नाही.

पट्टी आत आली, की ताई श्वास घेत होती.

पट्टी पंख्याकडे गेली, की सोडत होती.

मी दहा वेळा बघितलं. दहाही वेळा तसंच. मी मुद्दाम माझा श्वास तपासला. तो आपल्या चालीने चालला होता, पट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. फक्त ताईचा.

"ताई, जरा थांब. काही होतंय का तुला?"

"मला? काय... होणार मला?"

आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

टक.

पंखा हळू झाला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कोण आहे रे बाहेर?" ताई म्हणाली.

"कुणी नाही. मीच कडी घातलीये."

"मग बटण... कोणी फिरवलं? तुझा तो... निकामी निघाला वाटतं."

रेग्युलेटर निकामी होऊ शकतो. पण त्याचं बटण आपोआप फिरत नाही. आत स्प्रिंग असते. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला बोटांचा चांगला जोर लागतो.

मी उठलो. दार ढकललं.

हललं नाही.

खांदा लावला. दार लाकडाचं नसून भिंतीतच काढल्यासारखं वाटलं. कचकच नाही, थरथर नाही. काहीच नाही.

तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, पंखा हवा बाहेर ओढतो, म्हणून खोलीत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर उघडणारं दार आत ओढलं जातं. शाब्बास, बरोबर आहे. मीही तोच हिशेब केला. पण दहा इंची पंखा दुसऱ्या टप्प्यावर जेवढं ओढेल, तेवढ्याने पुस्तकाचं पानसुद्धा धरून ठेवता येणार नाही.

मी दारावर थापा मारल्या. हाका मारल्या. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. रेडिओवाला खाली होता.

तेव्हा लक्षात आलं... रेडिओ ऐकू येत नव्हता.

बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. माझी हाक दारापर्यंत जात होती आणि तिथेच संपत होती.

माझा फोन बाहेरच्या खोलीत, खिडकीत ठेवलेला. ताईचा चार्जिंगला, तोही बाहेर.

"ताई, घाबरू नकोस," मी म्हणालो.



सत्तर वर्षांत ताईने मला उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. मी वळून बघितलं. ती खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही तळवे टेबलावर. डोळे उघडे. तोंड किंचित उघडं. वर्खाचा चौकोन तिच्या बोटाला चिकटला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

पट्टी आत आली. तिची छाती वर झाली.

पट्टी पंख्याकडे गेली. छाती खाली.

मिनिटाला नऊ.

मी तिला उभं केलं. पाठ चोळली. "ताई, स्वतःहून घे श्वास. माझ्याबरोबर घे. एक, दोन..." तिने प्रयत्न केला. मला दिसत होतं, ती प्रयत्न करत होती. गळ्याच्या शिरा ताणल्या. पण पट्टी पंख्याकडे झुकलेली होती आणि ती आत येईपर्यंत ताईच्या छातीत काहीही जात नव्हतं.

तिने माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की तिच्या नखांचे व्रण मला चार दिवस दिसत होते.

टक.

एक.

आता पाती वेगवेगळी दिसायला लागली. एक... दुसरं... तिसरं... पट्टी आत यायला एवढा वेळ लागत होता की मधल्या वेळात ताईचे ओठ रंग बदलत होते.

एकच्या खाली फक्त शून्य आहे.

मी ओरडलो असेन. नक्की काय ते आठवत नाही. बहुतेक "कोण आहेस?" असं काहीतरी.

दाराच्या पलीकडून कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय, एवढं कळलं. वर्गात पाठ करून फळ्यावर लिहीत असलं तरी कुठला मुलगा आपल्याकडे रोखून बघतोय ते मास्तरला कळतं. तसं.

आता काय करायचं?

मुलांना मी सांगायचो, घाबरलात की हात थांबवा आणि वायर कुठून कुठे जाते ते मनात काढा. मी काढली. वीज मेनपासून बाहेरच्या रेग्युलेटरमध्ये जाते, तिथून भिंतीतून पंख्याला. रेग्युलेटर माझ्या हातात नाही. म्हणजे वीज दुसरीकडून आणायला हवी.

खोलीत सॉकेट होता. शेगडीचा. ज्याने बसवला त्याला मी नापास करणार होतो, तोच.

मी शेगडीचा प्लग उपटला. ताईच्या कागद कापायच्या सुरीने शेगडीजवळ वायर कापली. दोन तारांवरचं रबर दातांनी सोललं. मग प्लग पुन्हा सॉकेटमध्ये घातला. आता माझ्या हातात दोन उघड्या, जिवंत तारा होत्या. हे काम करताना एखादा विद्यार्थी दिसला असता, तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

पण पंखा आधी बंद करून जोडायची सोय नव्हती. बंद म्हणजे शून्य.

स्टुलावर चढलो. पंख्याच्या बाजूला, जिथे त्याच्या दोन तारा जोडलेल्या होत्या, तिथलं झाकण काढलं. आता अडचण अशी. माझ्या दोन तारांपैकी एकीत वीज आहे, पंख्याच्या दोनपैकी एकीत आहे. वीजवाली वीजवालीलाच लागली पाहिजे. उलटं झालं तर ठिणगी उडणार, मेनचा फ्यूज जाणार आणि सगळंच थांबणार.

खिशात टेस्टर होता. माझ्या तारांना लावला. डावीवर दिवा लागला. ती डावी.

मग पंख्याच्या दोन तारांना, आतल्या आणि बाहेरच्या, पाळीपाळीने लावला.

टेस्टरचा दिवा अगदी अंधूक. लागलाय की नाही... कळेना. मी तळहाताने सावली केली. वाकून बघितलं.

जाळी माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती.

आणि जाळीतून हवा येत होती. थंड नव्हती. कोमट होती. ओलसर. कुणीतरी अगदी समोर येऊन श्वास सोडल्यासारखी.

मी पोकळीत बघितलं नाही. खरं सांगतो. मान वळवली असती तर दिसलं असतं काहीतरी, पण मी फक्त त्या टेस्टरकडे बघत राहिलो. आतली तार. दिवा आतल्या तारेवर होता.

मागे खुर्ची सरकली. ताई कोसळली होती.

टक.

शून्य.

पाती आपल्याच ओघात फिरत राहिली. हळू... अजून हळू... पट्टी पंख्याकडे झुकली आणि तिथेच थांबली. आत येईना.

मी डावी तार आतल्या तारेवर दाबली. उजवी बाहेरच्या तारेवर.

फट्ट करून झटका बसला, बोटं भाजली. पण पंखा गरजला. एका क्षणात पूर्ण वेगात. पट्टी ताठ ताणली गेली आणि फडफडली.

खाली ताईने श्वास घेतला. तो आवाज मी लिहू शकत नाही. बुडणारं माणूस पाण्याबाहेर येतं तेव्हा तसा येत असेल.

मागे दार आपलं आपण बोटभर उघडलं.

रेडिओ सुरू होता. मधलं गाणं कुठे गेलं कुणास ठाऊक.

मी तारा स्क्रूत अडकवल्या, चिकटपट्टी गुंडाळली आणि ताईला काखेत धरून बाहेर आणलं. मुख्य दाराची कडी जशी घातली तशीच होती. पुढच्या खोल्यांत कुणी नव्हतं. रेग्युलेटरचं बटण शून्यावर होतं. मी त्याला बोट लावलं.

ओलं होतं.

---

ताईला मी त्याच संध्याकाळी माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, वयाच्या मानाने छान आहे. ताईला फारसं आठवत नाही. सरसाच्या वाफेने चक्कर आली, असं ती समजते. मी ते दुरुस्त केलेलं नाही.

पंखा तिथे तसाच फिरत राहिला, शेगडीच्या कापलेल्या वायरवर. तो बंद करायला त्या खोलीत जायची माझी हिंमत झाली नाही.

नशीब म्हणा.

आठव्या दिवशी सकाळी ताई मला पेपर वाचून दाखवत होती. म्हणजे, पेपरातल्या चुका.

"हे बघ, मथळ्यातसुद्धा यांनी..."

थांबली.

मी मान वर केली. ती पेपराकडे बघत होती. पापणी हलत नव्हती. छाती हलत नव्हती. ओठ हळूहळू निळसर होत होते.

मी धावलो, खांदे हलवले, हाका मारल्या. भिंतीवर घड्याळ होतं आणि सवयीने माझं लक्ष सेकंदकाट्यावर गेलं.

चौतीस सेकंद.

"...चूक केलीये," ताई म्हणाली. "अरे, असा काय बघतोस? आणि खांदे सोड, दुखतात."

तिला मधलं काहीच माहीत नव्हतं.

मी बाहेर जाऊन घरमालकिणीला फोन केला. तिकडे सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारलं.

"हो सर, ठीक आहे," ती म्हणाली. "आत्ताच क्षणभर वीज गेली होती तेवढी. खांबावर काम चाललंय. का हो?"

मी म्हटलं, सहज.

दुपारच्या आत मी त्या घरात इन्व्हर्टर बसवला, पंखा न थांबवता, चालू तारेवरच जोड देऊन. दोन बॅटऱ्या. नंतर तिसरी. त्या खोलीत जाताना आता मी दाराला लोखंडी पाचर लावतो आणि पट्टीकडे बघत नाही.

त्या घराचं भाडं मी अजून भरतो. दर रविवारी तिथे जातो. बॅटरीचं पाणी बघतो, जोड बघतो, पंख्याच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात, लांब नळीने तेल सोडतो. चालू पंख्यातच. ताईला सांगतो की मित्राकडे जातो.

"कसला रे मित्र?" ती विचारते. "येतोस तेव्हा हाताला ग्रीसचा वास असतो. आणि माझं ते घर सोडून का देत नाहीस? रिकाम्या भिंतींना पोसतोयस. म्हातारपणी डोकं फिरलं की काय तुझं?"

मी हसतो. काय सांगू? तू इथे माझ्या घरात, माझ्यासमोर बसली आहेस, पण अजून त्या खोलीतून बाहेर आलेली नाहीस, हे कसं सांगू?

आता खरी अडचण. पंख्याचा बुश झिजला आहे. गेल्या महिन्यापासून आवाज बदललाय, पाती किंचित डुलतात. बुश झिजला की दांडा अडकतो आणि पंखा थांबतो. चार महिने टिकेल. कदाचित पाच.

तुम्ही म्हणाल, शेजारी दुसरा पंखा लावा, तो चालू करा, मग हा काढा. मीही तेच म्हणालो असतो. पण तिचा श्वास नेमका कशाशी बांधला गेलाय? त्या पात्यांशी? त्या भोकाशी? भोकातून येणाऱ्या हवेशी? मला माहीत नाही. मुलांना छत्तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली, शंका आली की करून बघा. हा एक प्रयोग मला करून बघता येत नाही.

म्हणून मी तसाच एक दहा इंची जुना पंखा भंगारातून आणला आहे. जेवणाच्या टेबलावर एका लाकडी चौकटीत बसवला आहे. त्याचा बुश काढायचा, नवा घालायचा, पंखा चालू करायचा. रोज वीस वेळा. समोर घड्याळ ठेवून.

ताई म्हणते, "बरं झालं, खेळणं मिळालं तुला."

तिलाही मी एक व्यायाम दिला आहे. डॉक्टरांनी सांगितलाय, अशी थाप मारून. नाक दाबायचं आणि श्वास रोखून धरायचा. मी घड्याळ बघतो. ती गाल फुगवून, डोळे मोठे करून मला हसवायचा प्रयत्न करते आणि मग स्वतःच हसून श्वास सोडते. मी रागावतो. ती म्हणते, "मास्तर, एवढं काय मनाला लावून घेताय? परीक्षा आहे का?"

बुश बदलायचा माझा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ तीन मिनिटं दहा सेकंद.

तिचा एकेचाळीस सेकंद.